राजगृहातला तो फोटो : बाबासाहेब, रमाई आणि टॉबी

दरवर्षी ७ फेब्रुवारीला रमाईंची जयंती आली की परतूरपासून परळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो फिरायला लागतो. स्टेटसला लागतो, ग्रुपवर येतो. तुम्हीही तो पाहिलाच असेल.

फोटो आहे फेब्रुवारी १९३४ चा. ठिकाण दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. फोटोत मुलगा यशवंत आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत आणि पुतण्या मुकुंद आहे.

आणि घरातला आणखी एक सदस्यही त्यात आहे. त्याचं नाव टॉबी. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा.

बाबासाहेबांचे फोटो आपण पाहतो ते बहुतेक संसदेतले, परिषदांमधले, पुस्तकांच्या गराड्यातले. त्यात हा फोटो एकदम वेगळा वाटतो. चारचौघांच्या घरात असतो तसा फॅमिली फोटो, सोबत घरचा कुत्रा. पण एवढं साधं चित्र जमून यायला या घराला जवळपास २८ वर्षं लागली होती. आणि ते चित्र टिकलं जेमतेम सव्वा वर्ष.

नेमकं काय झालं होतं, तेच समजून घेऊ.

उशाशी जातं, पायाशी शेळी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचं हे चौदावं अपत्य. चौदापैकी बरीचशी मुलं लहानपणीच दगावली होती. मागे उरले ते बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन भाऊ, आणि मंजुळा व तुळसा या दोन बहिणी. भीम जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना आईही गेली. पुढे आत्या मीराबाईंनी या पोरांना सांभाळलं.

रामजी मुलांना घेऊन मुंबईत परळला आले आणि डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, सरपण, भांडीकुंडी, माणसं, सगळं त्या एका खोलीत. भीम झोपायचा तेव्हा उशाशी जातं असायचं आणि पायाशी शेळी बांधलेली असायची, असं त्यांच्या चरित्रात येतं. रात्री दोनच्या सुमारास रामजी मुलाला उठवायचे आणि खोलीतली बाकीची माणसं झोपलेली असताना चिमणीच्या उजेडात त्याचा अभ्यास सुरू व्हायचा.

म्हणजे जनावरांची सोबत या मुलाला नवी नव्हती. पण ती गरिबीतली सोबत होती. घर एवढं लहान होतं की माणसांना आणि शेळीला एकाच छपराखाली अंग टेकावं लागायचं.

बाजारात लागलेलं लग्न

१९०६ मध्ये भीमरावांचं लग्न झालं. नवरदेव साधारण १५ वर्षांचे, तर नवरी रमाबाई आठ-नऊ वर्षांची. रमाबाईंचं माहेर दापोलीजवळचं वणंद. वडील भिकू धोत्रे. आईवडील दोघंही लवकर गेले, त्यामुळे त्या आणि त्यांची भावंडं मुंबईत काका-मामांकडे वाढली.

लग्नाला मांडव नव्हता. भायखळ्याच्या बाजारातली दिवसभराची विक्री उरकली, दुकानं बंद झाली आणि रात्री तिथेच लग्न लागलं. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच वऱ्हाडी मंडळींची बैठक.

१२ डिसेंबर १९१२ ला यशवंतचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. म्हणजे मुलगा काही महिन्यांचा असताना वडील सातासमुद्रापार गेले आणि घराचा भार रमाईंवर आला.

परळच्या दोन खोल्या

हे घर म्हणजे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. आंबेडकर कुटुंबाने इथे वीसहून अधिक वर्षं काढली.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत होते, त्यानंतर लंडनला. १९१७ मध्ये परत आले, पण १९२० मध्ये राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन गाठलं. १९२३ ला ते बॅरिस्टर होऊन आले, तोवर यशवंत दहा वर्षांचा झाला होता. लग्नाची १७ वर्षं उलटली होती आणि त्यातली सहा-सात वर्षं नवरा परदेशात होता.

तिकडे बाबासाहेब अर्धपोटी राहून अभ्यास करत होते. इकडे रमाईंनी गोवऱ्या थापून, काटकसर करून संसार रेटल्याच्या आठवणी आजही घराघरात सांगितल्या जातात.

पण पैशाची ओढाताण ही एक गोष्ट झाली. या घरात खरं दुःख वेगळंच होतं.

यशवंतखेरीज या जोडप्याला आणखी चार मुलं झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. चारही लहानपणीच गेली. सगळ्यात धाकटा राजरत्न बाबासाहेबांचा फार लाडका होता. जुलै १९२६ मध्ये तोही गेला. महिनाभराने, ऑगस्टमध्ये, बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिलं. तीन मुलगे आणि एक मुलगी आपल्या हातांनी पुरलेल्या बापाचं ते पत्र आहे. या धक्क्यातून आपण दोघं सावरू असं वाटत नाही, मुलांसोबत जगण्यातली चवच गेली, अशा अर्थाचं बाबासाहेबांनी त्यात लिहिलंय.

वाढत्या कुटुंबाचा आनंद म्हणतात तो या घराला असा मिळालाच नाही. दर वेळी पाळणा हलला आणि दर वेळी रिकामा झाला.

तरीही घर वाढत गेलं

मग हे घर वाढलं कसं?

नात्यातल्या माणसांनी वाढलं. बाबासाहेबांचे दोन्ही थोरले भाऊ गेले. त्यातले बाळाराम नोव्हेंबर १९२७ मध्ये वारले, तेव्हा बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेत होते. विधवा वहिनी लक्ष्मीबाई आणि बापाविना राहिलेला मुकुंद हे या घराचेच झाले. राजगृहातल्या त्या फोटोत ते दोघं आहेत, ते पाहुणे म्हणून नाही.

आणि हे घर चार भिंतींबाहेरही वाढलं. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. पुढे ठिकठिकाणी वसतिगृहं झाली. धारवाडच्या वसतिगृहाची एक आठवण तर सगळ्यांना माहीत आहे. रमाई तिथे मुक्कामाला असताना अनुदान थकल्यामुळे मुलांची जेवणं बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असं सांगितलं जातं. चार मुलं गमावलेल्या बाईला हजारो लोक रमाई का म्हणतात, याचं उत्तर या आठवणीत मिळतं.

कुत्र्या-मांजरांचा विषय निघाला तेव्हा

आता पुन्हा टॉबीकडे येऊ. कारण बाबासाहेबांच्या घरात कुत्रा असण्याला एक वेगळा संदर्भ आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पिऊ शकत होती, कुत्री-मांजरंही फिरकू शकत होती, फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे मनाई होती. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी भेटले, तेव्हाही हाच मुद्दा निघाला. जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवलं जातं तो देश आम्ही आपला कसा म्हणायचा, असा त्यांचा सवाल होता.

असा सवाल करणाऱ्या माणसाच्या मनात मुक्या जनावराबद्दल कडवटपणा उरला असता तरी समजण्यासारखं होतं. पण टॉबीवर त्यांचा जीव होता. दोष जनावराचा नव्हता, माणसाला जनावराखाली ढकलणाऱ्या व्यवस्थेचा होता, आणि बाबासाहेबांचं भांडण त्या व्यवस्थेशी होतं.

अखेर स्वतःचं घर

तीसच्या दशकाच्या सुरुवातीला दादरला राजगृह बांधून झालं. राजगृह हे मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव, बुद्धाच्या चरित्रात वारंवार येणारं. खाली कुटुंबाची राहती जागा आणि वर पुस्तकं, असं हे घर. पुस्तकांसाठी एवढी जागा काढायलाही कारण होतं. १९१७ मध्ये लंडनहून परतताना वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तकं जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली होती. पुढे जमवलेल्या हजारो पुस्तकांना राजगृहात हक्काची जागा मिळाली.

आणि रमाईंना आयुष्यात पहिल्यांदा ऐसपैस घर मिळालं. फेब्रुवारी १९३४ चा तो फोटो या घरातला. यशवंत २१ वर्षांचा झालेला. बाबासाहेब गोलमेज परिषदा आटोपून आलेले. रमाई ३६ वर्षांच्या. डबक चाळीत पायाशी शेळी घेऊन झोपणाऱ्या मुलाच्या घरात आता आवडीने पाळलेला कुत्रा होता. कुत्रा पाळायला अंगण लागतं, दोन घास जास्तीचे लागतात आणि घरात थोडी स्वस्थता लागते. या कुटुंबाला ते सगळं एकत्र मिळालं ते इथे.

पण रमाईंची तब्येत तोवर पार खालावली होती. उपासमार, कष्ट आणि पोटच्या पोरांचं दुःख यांनी शरीर पोखरलं होतं. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ ला राजगृहातच त्यांचं निधन झालं. फोटो काढून जेमतेम १५ महिने झाले होते.

उशिरा मानलेले आभार

बाबासाहेब या धक्क्याने कोलमडले. चरित्रकार सांगतात की त्या दिवसांत त्यांनी मुंडण केलं, विरक्तासारखे राहू लागले. पण थांबून चालणार नव्हतं. जून १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचं प्राचार्यपद त्यांच्याकडे आलं आणि १३ ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

रमाईंबद्दल जे मनात होतं ते जाहीरपणे आलं पाच वर्षांनी, १९४० च्या अखेरीस. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा जाडजूड ग्रंथ. फाळणीच्या प्रश्नाची कोरडी चिकित्सा. पण तो उघडला की आधी दिसतं रामूचं नाव. बाबासाहेब रमाईंना रामू म्हणायचे. त्यांचा मनाचा मोठेपणा, शील आणि कुणी सोबतीला नसतानाच्या ओढगस्तीच्या दिवसांत न कुरकुरता दिलेली साथ, याबद्दलची कृतज्ञता म्हणून ही अर्पणपत्रिका आहे.

ज्या माणसाने आपलं घरगुती दुःख क्वचितच चारचौघांत आणलं, त्याने बायकोचे आभार मात्र छापून मानले. फक्त ते वाचायला रमाई नव्हत्या.

घर पुढे चालू राहिलं

१५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्याच सविता, म्हणजे माईसाहेब. त्यांनी बाबासाहेबांचं आजारपण सांभाळलं. दिल्लीच्या मुक्कामातल्या काही फोटोंतही बाबासाहेबांसोबत कुत्रा दिसतो. ती सवय सुटली नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, हे तर बहुतेकांना माहीत आहेच.

याच काळात त्यांचं बाहेरचं घर मराठवाड्यापर्यंत आलं. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय अगदीच तुटपुंजी होती. आज जालना जिल्ह्यात असलेलं परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. अशा गावांतल्या पोरांना कॉलेज म्हणजे फार लांबची गोष्ट. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलेलं हेच ते कॉलेज. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर इथून बाहेर पडला.

आणि रक्ताचं घरही अखेर वाढलं. १९५३ मध्ये यशवंतरावांचं मीराताईंशी लग्न झालं आणि १० मे १९५४ ला नातू प्रकाश यांचा जन्म झाला. चार मुलांना माती देणाऱ्या आजोबांनी नातवाचं तोंड पाहिलं. पुढे यशवंतरावांच्या मुलांपैकी एका मुलीचं नाव रमाबाई ठेवलं गेलं, एका मुलाचं भीमराव.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईला आणलं गेलं आणि अंत्यदर्शनासाठी ठेवलं ते राजगृहात. त्या रात्रीपासून दादरच्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागली. फोटोत पाच माणसं आणि एक कुत्रा असलेल्या त्या घरापुढे लाखो लोक उभे होते, आणि त्यातला प्रत्येक जण घरचं माणूस गेल्यासारखा रडत होता.