बुचाची मासोळी

फिनलंड हा हजारो तळ्यांचा देश. त्याच्या दक्षिण भागात पैयान्ने नावाचे भलेमोठे सरोवर आहे. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फाची लादी पसरते, तेव्हा काठच्या माणसांना पोटासाठी जंगलाची वाट धरावी लागे. याच काठावर लौरी रापाला या गरीब मासेमाराने सारे आयुष्य काढले. त्याचे आडनाव आज जगभरचे हौशी मासेमार एका वस्तूचे नाव म्हणून घेतात.

लौरीचा जन्म १९०५ सालचा. लहानग्या लौरीला घेऊन आई आसिक्काला भागात राहायला आली. तेव्हा चर्चच्या कारकुनाला तिचे आडनाव आठवेना, म्हणून ती ज्या वस्तीतून आली त्या वस्तीचेच नाव त्याने वहीत लिहून टाकले, असे सांगतात. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल! हेच नाव त्याला जन्मभर चिकटले.

१९२८ साली एल्माशी त्याचे लग्न झाले. पाठोपाठ मुलेबाळे आली आणि मंदीही आली. हिवाळ्यात लाकूडतोड आणि उन्हाळ्यात मासेमारी, असा संसार चालला होता. लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे आणि प्रत्येक गळाला आमिष लावायचे. त्या आमिषासाठी आधी बारीक मासे धरायचे. दिवसाचा मोठा वेळ या तयारीतच जाई. घरी खाणारी तोंडे वाढत होती. दिवसाचे तास मात्र तेवढेच राहणार होते.

होडी वल्हवताना पाण्यात टक लावून पाहण्याची लौरीला सवय होती. पाइक किंवा ट्राउटसारखा शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यात घुसला, की धडधाकट मासोळ्या सोडून जी जरा कलंडत, लंगडत पोहते आहे तिच्यावरच झडप घालतो, हे त्याने हेरले. मग अशी लंगडी मासोळी आपणच घडवली तर? रोज आमिष धरण्याची कटकटच संपेल!

१९३६ साली त्याने बुचाचा तुकडा घेतला आणि चांभाराच्या रापीने व काचकागदाने त्याला माशाचा आकार दिला. चॉकलेटच्या आणि चीजच्या वेष्टनाचा चंदेरी कागद वर चढवला. रोगणाला पैसे नव्हते, म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. सगळा माल घरातल्या अडगळीतला. पण खरी मेहनत पुढेच होती. मासोळी दिसायला सुंदर असून भागणार नव्हते. ओढल्यावर तिने जखमी माशासारखे डुगडुगायला हवे होते. तासायचे, पाण्यात ओढून बघायचे, पुन्हा तासायचे, असे चालले. अखेर ती हवी तशी पोहू लागली आणि सरोवरातले मोठमोठे मासे तिला फसू लागले.

मग युद्ध आले. बूच मिळेनासे झाले, तेव्हा त्याने पाइनच्या सालीवर भागवले. युद्धानंतर मुले हाताशी आली आणि घरच्या घरी कारखाना सुरू झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या पाहुण्यांबरोबर या मासोळ्या परदेशी गेल्या. १९५९ साली रॉन वेबर या अमेरिकन विक्रेत्याच्या हाती त्यातली एक पडली आणि अमेरिकेचा बाजार उघडला. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात या मासोळीवर लेख आला. अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मेरिलिन मन्‍रो होती, त्यामुळे तो अंक हातोहात खपला. सुमारे तीस लाख मासोळ्यांची मागणी आली, असे सांगितले जाते.

हातातोंडाची गाठ घालणाऱ्या माणसापुढे अशी मागणी उभी राहिली की भले भले घसरतात. घाईने माल काढायचा आणि पैसा करायचा, हा मोह काही लहान नव्हे. रापाला कुटुंबाने नवा कारखाना उभारला, बुचाऐवजी हलके बाल्सा लाकूड घेतले. पण एक नियम सोडला नाही. प्रत्येक मासोळी पाण्यात ओढून पाहायची आणि ती नीट डुगडुगली तरच डबीत भरायची.

१९४९ च्या सुमारास अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी पत्नीच्या मदतीने स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकचे गांडूळ घडवले होते. आज हौशी मंडळी द्रवरूप प्लास्टिक तापवून ते हातपिचकारीने ॲल्युमिनियमच्या साच्यात भरतात. घरी दहा मिनिटांत आमिष तयार! (त्याच्या वाफा बाधतात, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि पोरेबाळे लांब.) साच्यामुळे आकार हुबेहूब येतो, पण माशाला तो पटतो की नाही, हे पाण्यात टाकल्यावरच कळते. आपल्या कोकणात खाडीवर गरवायला बसणारा कुणीही हेच सांगेल.

१९७४ साली लौरी गेला. चिखलाच्या नावाचा हा माणूस फार शिकलेला नव्हता. मासा काय पाहतो, एवढे मात्र त्याने नीट पाहिले होते.