झोपेची किल्ली झोपणाऱ्याकडेच : आबे फारिया यांचे चरित्र

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. परगावच्या पाहुण्यांना हे दृश्य खुनाचे किंवा मंत्रतंत्राचे वाटते. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा आबे फारिया यांचा आहे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्या पसरलेल्या हातांत काहीच शक्ती नाही, असे खुद्द फारिया पुढे सांगत राहिले, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते.

झोपेत माणसाला विचित्र अनुभव येतात. तेच स्वप्न वर्षानुवर्षे पडते. परीक्षेची वेळ टळून गेलेली असते किंवा पाय उचलता उचलत नाही. कोणी झोपेत चालतो आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. मध्यरात्री जाग येते, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, ओरडायला तोंड उघडत नाही. आपल्या गावांत अशा वेळी देवचाराचे नाव निघे. युरोपातही वेगळी स्थिती नव्हती; तिथे सैतानाचे नाव निघे आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात एखाद्या अदृश्य द्रवाचे. झोपणाऱ्यावर बाहेरून कोणीतरी सत्ता गाजवते, याविषयी गावढा आणि पंडित या दोघांचे एकमत होते. ते मोडण्याचे धाडस कांदोळीत जन्मलेल्या एका माणसाने केले.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी गावी, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनु हे कोलवाळचे. घराण्याचा मूळ पुरुष अनंत शेणै. सोळाव्या शतकात कुटुंब ख्रिस्ती झाले. आईवडिलांचे पटले नाही. दोघांनी धर्मसंस्थेच्या अनुमतीने वेगळे होऊन संन्यस्त जीवन पत्करले. वडील पाद्री झाले आणि आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ साली पंधरा वर्षांचा मुलगा बापाबरोबर लिस्बनच्या जहाजावर चढला. तो पुन्हा कधी गोव्यात परतला नाही.

रोममध्ये त्यांचे शिक्षण झाले. १७८० मध्ये ते पाद्री झाले आणि धर्मशास्त्रातील पंडिताची पदवी त्यांनी मिळवली. लिस्बनच्या राजमंदिरात प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली आणि मागे बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच, समोरचे सारे जण म्हणजे भाजीपाला आहे, तो खुशाल कापून काढ, असे सुचवताच जीभ मोकळी झाली, ही कथा गोव्यात घरोघरी सांगितली जाते. दंतकथा म्हणून ती बाजूला ठेवली, तरी ती टिकून राहिली यात नवल नाही. एका शब्दाने माणसाच्या शरीराची अवस्था पालटते, हेच पुढे फारियांच्या अभ्यासाचे सूत्र झाले.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला. पोर्तुगीज सत्ता उलथवू पाहणाऱ्या स्थानिक पाद्री व सैनिकांची धरपकड झाली आणि पंधरा जणांना देहान्त शासन झाले. लिस्बनमधील फारिया पितापुत्रांवरही संशयाची छाया पडली. १७८८ मध्ये धाकटे फारिया पॅरिसला निघून गेले. तिथे वर्षभरातच क्रांती झाली. ऑक्टोबर १७९५ मधील उठावात क्रांतिकारी संसदेविरुद्ध लढणाऱ्या एका तुकडीच्या अग्रभागी हा सावळा पाद्री होता.

पॅरिसमध्ये त्या काळी प्राणिज चुंबकत्वाचे वेड होते. मेस्मर या वैद्याच्या मते विश्वात भरलेला एक सूक्ष्म द्रव चिकित्सकाच्या हातांतून रोग्यात उतरतो. त्याचे शिष्य मार्की द प्युसेग्यूर यांना १७८४ मध्ये एका शेतकरी तरुणात झोपेत चालण्याबोलण्याची अवस्था कृत्रिमरीत्या आणता आली होती. फारिया प्युसेग्यूर यांना गुरुस्थानी मानत. आरंभी त्यांनाही आपल्या सामर्थ्याचा मोह पडला होता. एका मेजवानीत चुंबकत्वाने कॅनरी पक्षी मारून दाखवण्याची फुशारकी त्यांनी मारली. पक्षी काही मेला नाही, आणि शातोब्रियाँ यांनी ती फजिती आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पुढे जे त्यांनी नाकारले, त्यावर एकेकाळी त्यांचाही विश्वास होता.

१८११ मध्ये ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. तिथून नीम येथे बदली झाली. १८१३ मध्ये पॅरिसला परतून त्यांनी रू द क्लिशीवरील ४९ क्रमांकाच्या घरात दर गुरुवारी जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेशशुल्क पाच फ्रँक. पद्धत अगदी साधी होती. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, वातावरण शांत झाले की मोठ्याने झोपण्याची आज्ञा द्यायची. तेवढ्याने साधले नाही तर उघडा तळहात हळूहळू डोळ्यांजवळ न्यायचा. काही जण क्षणात निद्रिस्त होत. साधे पाणी त्यांना सांगितलेल्या पेयासारखे लागे, आज्ञा होताच हात लुळा पडे, आणि जागे झाल्यावर काहीच आठवत नसे. काही जणांवर तर काहीच परिणाम होत नसे.

या शेवटच्या गोष्टीतच फारियांना उत्तर सापडले. द्रव चिकित्सकाच्या हातांतून वाहत असता, तर तो सर्वांवर सारखाच चालला असता. झोप येते ती झोपणाऱ्याच्या एकाग्रतेने, त्याच्या तयारीने आणि कल्पनेने. चिकित्सक केवळ निमित्त. या अवस्थेला त्यांनी सजग निद्रा असे नाव दिले आणि रोजची झोप, झोपेतील चालणे व ही सजग निद्रा यांचे मूळ एकच मानले. त्यांचे सारेच बरोबर होते असे नाही. रक्त पातळ असणाऱ्यांना ही झोप लवकर लागते, अशी त्यांची समजूत होती आणि निद्रिस्ताच्या आत्म्याला दूरचे ज्ञान होते, हेही त्यांनी सोडले नव्हते.

आपल्याकडे काही विशेष शक्ती नाही, असे सांगणाऱ्याला प्रेक्षक फार काळ लाभत नाहीत. चुंबकवाद्यांना त्यांच्या मतामुळे आपले महत्त्व गेल्यासारखे वाटले. धर्ममार्तंडांना यात सैतानाचा हात दिसला. एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि भर सभेत डोळे उघडून त्यांची टर उडवली. १८१६ मध्ये तर त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसनच रंगमंचावर आले. प्रयोग बंद पडले. साठी गाठलेल्या फारियांनी पोटापुरते एका कन्याशाळेत धर्मोपदेशकाचे काम पत्करले आणि सजग निद्रेच्या कारणांवर ग्रंथ लिहायला घेतला. चार खंडांचा संकल्प होता. पहिला खंड १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूच्या आघाताने त्यांचे निधन झाले.

अशा झोपेत वेदनेची जाणीव उरत नाही, हेही त्यांनी नोंदवले होते. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने रुग्णांना मेस्मरच्या पद्धतीने निजवून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पण दोनच वर्षांत क्लोरोफॉर्म आला आणि झोपेची किल्ली पुन्हा बाहेरच्या हाती गेली. ती किती घातक, याचा वाद पुढे आपल्या शेजारच्या हैदराबादेत लढला गेला. आज मराठी माणूस ज्या काचीगुडा, कोठी भागात सहज वावरतो, तिथून जवळच्या अफझलगंज रुग्णालयाच्या डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहाने १८८८ व १८८९ साली निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्म आयोग बसले. या औषधाने आधी श्वास थांबतो की हृदय, हे त्यांनी शेकडो प्राण्यांवर तपासले. रुग्णाच्या मनाचा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

तो प्रश्न त्याच दशकात फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी विचारला आणि सूचनेच्या सिद्धान्ताचे श्रेय फारियांना दिले. स्वप्नांशी निगडित असलेला निद्रेचा टप्पा शास्त्रज्ञांना १९५३ मध्ये सापडला. त्या टप्प्यात स्नायू शिथिल असतात. मन शरीराआधी जागे झाले की छातीवरचे ते ओझे जाणवते. म्हणजे देवचार बाहेरून आलेलाच नसतो.

ड्यूमा यांच्या १८४४ मधील कादंबरीने फारिया हे नाव जगभर नेले खरे, पण तिथला फारिया इटालियन आहे आणि तुरुंगात मरतो. खऱ्या फारियांची उपेक्षा संपायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०६ मध्ये गोमंतकीय डॉक्टर दालगादो यांनी त्यांचे चरित्र फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले, तर १९२५ मध्ये पोर्तुगालचे एगश मोनिझ यांनी संमोहनाच्या इतिहासातील त्यांच्या स्थानावर पुस्तक लिहिले. ग्रंथाचे उरलेले तीन खंड कधीच निघाले नाहीत. पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत त्यांना पुरले, त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता.