वासुदेव बळवंत आणि काडतुसाचं गणित

पळस्पे फाटा आपल्याला माहीत आहे तो एस.टी. आणि वडापावसाठी. तिथून गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव. त्यांचं बंड इंग्रजांनी मोडलं, एवढं आपण सगळेच वाचतो. पण मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला एक प्रश्न नेहमी पडतो, त्यांच्या हातात हत्यारं कोणती होती?

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांनी घेतला. नातू मात्र इंग्रजांच्याच नोकरीत शिरला. आधी रेल्वे, मग लष्कराचं हिशेब खातं. १८६५ पासून मुक्काम पुण्याला. तिथे लहुजी वस्तादांच्या तालमीत कुस्ती आणि दांडपट्टा शिकले. आई आजारी पडली तेव्हा वेळेवर रजा मिळाली नाही आणि शेवटची भेट राहून गेली. ही जखम कायमची.

नेमक्या याच काळात बंदुकीचं तंत्र बदलत होतं. जुनी बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, शिशाची गोळी ठासायची, टोपी लावायची. रिव्हॉल्व्हरचंही तेच, फक्त प्रत्येक खाना वेगळा भरायचा. मग पितळी काडतूस आलं. जुनी हत्यारं फेकून कशी देणार? म्हणून त्यांचं रूपांतर सुरू झालं. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८६८ मध्ये आपल्या .४४ च्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरना नवं सिलिंडर बसवून ती .४६ च्या काडतुसाची केली. इंग्रजांनी त्याआधीच, १८६६ पासून, .५७७ च्या एनफिल्ड बंदुकांची नळी तीच ठेवून मागचा भाग बदलला आणि स्नायडर बंदूक तयार केली. मिनिटाला तीन गोळ्यांच्या जागी दहा!

आता यातली गोम बघा. ठासणीच्या बंदुकीला कॅलिबरचं फारसं सोवळं नसतं. शिसं वितळवून गोळी घरी ओतता येते, थोडी लहान झाली तर चिंधी गुंडाळून चालते. काडतुसाच्या हत्याराला हे चालत नाही. खान्याचं माप आणि काडतुसाचं माप जुळलंच पाहिजे, आणि ते काडतूस कारखान्यातूनच येतं. म्हणजे हत्यार जितकं आधुनिक, तितकं ते कारखानदाराच्या ताब्यात. पुण्याशेजारी खडकीला असा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्येच सुरू झाला होता. वर १८७८ चा शस्त्र कायदा आला, आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा ठरला.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं उपाशी मरत होती. वासुदेव बळवंतांनी गावोगाव फिरून ते पाहिलं आणि लढायचं ठरवलं. सुशिक्षितांनी पाठ फिरवली. सोबत आले रामोशी, कोळी, धनगर. हाताशी तलवारी, भाले आणि मिळतील तेवढ्या बंदुका. २३ फेब्रुवारी १८७९ ला धामारीवर पहिला छापा पडला. आधी सावकारांकडून पैसा, मग पैशातून माणसं आणि हत्यारं, असा बेत. मला वाटतं, लष्कराचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला फौज कशावर चालते हे पक्कं ठाऊक असणार.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईकांची तुकडी कोकणात उतरली आणि आपल्या पळस्प्याला मोठी लूट हाती आली. पण परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने गाठलं, दौलतराव पडले. लूट गेली, उजवा हातही गेला. वासुदेव बळवंत श्रीशैलला गेले, तिथून रोहिल्यांची फौज जमवायच्या खटपटीला लागले. जुलै १८७९ मध्ये विजापूर भागात देवर नावदगीला तापाने फणफणलेले असताना पकडले गेले. त्यांची स्वतःची रोजनिशी आणि आत्मचरित्र खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरलं. वकीलपत्र घेतलं सार्वजनिक काकांनी. शिक्षा झाली जन्मठेपेची, एडनला. तिथूनही कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून हा माणूस पळाला! पुन्हा पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगातच शेवट झाला. वय अवघं सदतीस.

काही जण म्हणतात, अव्यवहारी धाडस होतं. मला तसं वाटत नाही. समोरच्याकडे कारखाना होता आणि यांच्याकडे तो उभा करायला ना पैसा ना वेळ. धैर्य कमी पडलं नाही, पुरवठा कमी पडला. आपण पुढे कारखान्यांतच नोकऱ्या करणार आहोत, तेव्हा यंत्र कोणाचं यापेक्षा त्याचा सुटा भाग कोण पुरवतो हे विचारायची सवय आत्ताच लावून घ्यावी.

कर्नाळ्याच्या ट्रेकला सगळेच जातात. पुढच्या रविवारी वाटेत शिरढोणला उतरा आणि त्यांचं घर बघून या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी