आचार्य धर्मानंद कोसंबी : स्वकष्टाने मिळवलेली श्रद्धा

आपल्या वसतिगृहातील दिवस वंदनेने उजाडतो आणि वंदनेनेच मावळतो. त्रिशरण आणि पंचशील येथील लहानग्यांच्याही मुखी इतके रुळलेले असते की, अर्थ कळण्यापूर्वीच शब्द ओठांवर येतात. यात वावगे काही नाही. संस्कारांचा आरंभ असाच होतो. परंतु विद्यार्थी मोठा होऊ लागला की एक प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो, आणि तो उभा राहावा अशीच आमची इच्छा आहे. ही मूल्ये आपल्याला घराण्याकडून मिळाली म्हणून आपली, की आपण ती पारखून स्वीकारली म्हणून आपली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला वारंवार एका विद्यार्थ्याचे स्मरण होते. पुढे सारा देश त्यांना आचार्य धर्मानंद कोसंबी या नावाने ओळखू लागला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता होती आणि खेड्यात शिक्षणाची सोय जेमतेमच होती. शाळा मध्येच सुटली, नारळीच्या बागेची देखभाल अंगावर पडली आणि लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झाला. तुकोबांच्या गाथेने त्यांच्या मनाला आधार दिला, पण मनाची भूक शमली नाही. १८९७ च्या सुमारास मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांच्या चरित्रावरील एक लेख वाचला. त्या काही पानांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धांचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, हा एकच ध्यास त्यांना लागला.

ध्यास लागणे सोपे, वाट सापडणे अवघड. पाली भाषा शिकवणारी शाळा महाराष्ट्रात नव्हती. घरात पैसा नव्हता. इंग्रजी येत नव्हते. संस्कृत यावे म्हणून १८९९ च्या अखेरीस तेवीस वर्षांच्या या तरुणाने घर सोडले आणि पुणे गाठले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. ज्या वयात इतर जण संसारात स्थिरावतात, त्या वयात ते व्याकरणाची सूत्रे घोकत होते.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा घरी तरुण पत्नी होती आणि मुलगी माणिक अगदी तान्ही होती. चरित्रकार अशा प्रसंगाला त्याग म्हणतात आणि पुढे जातात. आम्ही तसे करू इच्छित नाही. त्या ध्यासाची किंमत एकट्या धर्मानंदांनी चुकवली नाही. सांखवाळला मागे राहिलेल्या बाळाबाईंनीही ती चुकवली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. ध्येयनिष्ठा हे मोठे मूल्य खरेच, परंतु तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे पाहणे हा देखील करुणेचाच भाग आहे.

काशीहून ते १९०२ मध्ये नेपाळला गेले. बुद्धांच्या जन्मभूमीजवळ तरी त्यांचा धर्म जिवंत भेटेल, ही आशा होती. तेथे पशुबळी आणि धर्माची विपन्नावस्था पाहून त्यांचे मन विटले. कच्च्या श्रद्धेचा माणूस येथूनच माघारी फिरला असता. धर्मानंदांनी मात्र धर्म आणि धर्माच्या नावाने चाललेले आचार यांत फरक करायचे ठरवले. बुद्धगयेस आल्यावर त्यांना सिंहलद्वीपाला जाण्याचा सल्ला मिळाला. कलकत्त्यातील महाबोधी सभेच्या संपर्कातून ते कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांपाशी बसून त्यांनी पाली ग्रंथांचा अभ्यास आरंभला आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी भिक्षूची उपसंपदा स्वीकारली.

जे शिकलो ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचवले नाही तर त्या विद्येचा उपयोग काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले, गोव्यास जाऊन पत्नीची भेट घेतली आणि संसाराची तुटलेली गाठ पुन्हा बांधली. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. तेथे त्यांचा जम बसत असतानाच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यातील प्राप्तीच्या मानाने ही रक्कम अल्प होती. तरीही धर्मानंदांनी तीच पत्करली, कारण बुद्धविचार मराठीत यावा ही त्यांची मूळ इच्छा होती.

त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेस बोलावले. तेथे संपादकाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते मायदेशी परतले. मान झुकवली नाही, पण कामाशी वैरही धरले नाही. पुढे ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले आणि काम तडीस नेले. तो ग्रंथ १९५० मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे विद्यार्थी घडवले. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले त्यामागे डॉ. भांडारकरांबरोबर त्यांचेही श्रम होते. १९१८ मध्ये अमेरिकेस जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर या मुलांना सोबत नेले. ज्या मुलीला तान्हेपणी मागे सोडले होते, ती पुढे तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. दामोदर पुढे थोर गणितज्ञ आणि इतिहासकार झाले. मागच्या चुकीची भरपाई पूर्णपणे होत नसते. परंतु ती करू पाहण्यात माणसाची सचोटी दिसते.

अभ्यासाने त्यांना समाजापासून दूर नेले नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी कारावास भोगला. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी १९३७ च्या सुमारास बहुजन विहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी मूळ पाली साहित्याच्या आधारे चमत्कार आणि दंतकथा बाजूला सारून बुद्धांचे माणूसपण उभे केले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही रूढ कथा त्यांनी तपासली. शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्रकलहाची पार्श्वभूमी त्यांना अधिक विश्वसनीय वाटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला तो कलहच गृहत्यागाच्या मुळाशी आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. बुद्धांच्या आहाराविषयी ग्रंथांत जे आढळले ते लिहिल्यामुळे धर्मानंदांवर रोषही ओढवला. तो त्यांनी सोसला. पण न पटणारे केवळ लोकांना रुचावे म्हणून लिहिले नाही.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी बाबासाहेबांसमवेत बुद्धांचा मार्ग स्वीकारला. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी तो विचारपूर्वक निवडला होता. आपल्या मुलांना मात्र तो जन्मतःच लाभला आहे. हे भाग्य आहे, तशीच ही जोखीमही आहे. जे आयते मिळते ते तपासावेसे वाटत नाही. ऐकीव आहे किंवा परंपरेचे आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा उपदेश कालामांना करणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : मुलाने एखाद्या शीलाविषयी प्रश्न विचारला तर त्याला श्रद्धाहीन समजू नका, त्याच्याशेजारी बसा. सांखवाळच्या त्या तरुणाचा प्रवासही अशाच एका न शमणाऱ्या जिज्ञासेतून सुरू झाला होता. त्यांच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.