मृतात्म्यांसाठी घंटा वाजविणारे झेवियर

पुणे - नोव्हेंबर महिन्याची दोन तारीख हा कॅथलिक ख्रिस्ती समाजात मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस मानला जातो. शहरातील दफनभूमींमध्ये त्या दिवशी कबरी स्वच्छ केल्या जातात, त्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि दिवंगतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण केली जाते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ मध्ये मिळालेल्या जागेवर उभे राहिलेले नाना पेठेतील सिटी चर्च असो, की लष्कर भागातील सेंट झेवियर्स चर्च. त्या दिवशीच्या प्रार्थनेचा विषय एकच असतो. यांपैकी दुसऱ्या चर्चला ज्यांचे नाव लाभले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आयुष्यात मृतांसाठी करावयाच्या या प्रार्थनेला विशेष स्थान होते. या प्रार्थनेने त्यांना दूरदेशी आधार दिला आणि एका प्रसंगी त्यांच्यासमोर अत्यंत अवघड प्रश्नही उभा केला.

मूळ कल्पना समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येत नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार मृत्यूनंतर सर्वच आत्मे थेट स्वर्गात किंवा नरकात जात नाहीत. देवाशी असलेले नाते न तोडता, पण लहानसहान पापांचे ओझे घेऊन जे मरण पावतात, त्यांना स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध व्हावे लागते. या अवस्थेला शुद्धिस्थान म्हणतात. तेथील आत्म्यांना स्वतःसाठी काही करता येत नाही. मात्र पृथ्वीवरील माणसांच्या प्रार्थना, मिस्सा आणि दानधर्म यांची त्यांना मदत होते. पितृपक्षात पूर्वजांना तर्पण करणाऱ्या समाजाला ही भावना सहज कळण्यासारखी आहे. या शिकवणुकीला एक कठोर मर्यादाही आहे. स्वर्गात पोचलेल्यांना अशा प्रार्थनेची गरज नसते आणि नरकात गेलेल्यांना तिचा उपयोग नसतो.

नावार राज्य ते पॅरिस

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील नावार या छोट्या राज्यात, हाविएर येथील किल्ल्यात झाला. वडील राजाच्या दरबारात मोठ्या पदावर होते. मात्र फ्रान्सिस लहान असतानाच स्पेनने नावार जिंकले. १५१५ मध्ये वडील निवर्तले. पुढच्याच वर्षी किल्ल्याची तटबंदी विजेत्यांनी पाडून टाकली. थोरले भाऊ लढाईत गुंतले आणि धाकट्याने शिक्षणाचा मार्ग धरला. १५२५ मध्ये ते पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाले. ते तेथे असतानाच १५२९ मध्ये मातोश्रींचे निधन झाले.

युरोपात त्या काळी मृतांसाठीच्या प्रार्थनेवरूनच मोठा वाद पेटला होता. शुद्धिस्थानातील शिक्षा कमी व्हावी म्हणून पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या क्षमापत्रांना मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये विरोध केला आणि पाहता पाहता पश्चिमेकडील चर्च दुभंगले. प्रॉटेस्टंट पंथीयांनी पुढे शुद्धिस्थानाची कल्पनाच नाकारली. या वादळात झेवियर जुन्या श्रद्धेच्या बाजूने उभे राहिले. पॅरिसमध्ये एकाच खोलीत राहणारे पीटर फेबर आणि वयाने मोठे असलेले इग्नेशियस लोयोला यांच्या सहवासात त्यांचे आयुष्य बदलले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी या मित्रमंडळींनी माँमार्त्रच्या टेकडीवर धार्मिक व्रते घेतली. त्यातूनच १५४० मध्ये येशूसंघाची, म्हणजे जेझुइट संघाची स्थापना झाली.

गोव्यातील घंटा

पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील प्रदेशांसाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा ही जबाबदारी झेवियर यांच्यावर आली. ७ एप्रिल १५४१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. वाटेत मोझांबिकमध्ये मुक्काम करून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. मानाचे निवासस्थान न स्वीकारता त्यांनी इस्पितळात राहणे पसंत केले. रुग्णांची, मरणासन्न खलाशांची आणि तुरुंगातील कैद्यांची सेवा करावी, रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांकडे जावे, असा त्यांचा क्रम होता. दिवसा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत. जुन्या गोव्याच्या गल्ल्यांतून घंटा वाजवीत जाणारा हा धर्मगुरू थोड्याच दिवसांत सर्वांच्या परिचयाचा झाला.

पुढील दहा वर्षे ते क्वचितच एका जागी स्थिरावले. तमिळ किनाऱ्यावरील परवर कोळ्यांच्या वस्त्या, त्रावणकोर, मलाक्का आणि तेथून आजच्या इंडोनेशियातील मसाल्याची बेटे, असा त्यांचा प्रवास झाला. १५४८ मध्ये ते वसईलाही आले होते. या प्रवासात मृत्यू नेहमीच जवळ असे. १५४६ मध्ये अंबोन बेटावर एका स्पॅनिश आरमाराचे आजारी सैनिक अडकून पडले होते. झेवियर यांनी त्यांची शुश्रूषा केली. आरमाराचा प्रमुख रुय लोपेस दे व्हियालोबोस तेथेच मरण पावला, तेव्हा ते त्याच्या उशाशी होते.

मसाल्याच्या बेटांपैकी टर्नाटे येथे मृतांसाठी घंटा वाजविण्याची प्रथा त्यांनी पाहिली आणि जोपासली. तिचे वर्णन त्यांनी जानेवारी १५४८ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात केले आहे. मिझेरिकॉर्दिया हा लिस्बनमध्ये १४९८ मध्ये स्थापन झालेला बंधुसंघ. आजाऱ्यांची सेवा करणे आणि बेवारस मृतांना मूठमाती देणे, ही त्याची कामे. या संघाच्या पोशाखातील एक माणूस टर्नाटेत रोज रात्री एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात घंटा घेऊन निघे. ठिकठिकाणी थांबून तो मोठ्याने आवाहन करी. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करा, असे तो प्रथम सांगे. नंतर, जे जिवंत असूनही घोर पापात अडकले आहेत आणि त्यातून बाहेर पडू इच्छीत नाहीत, त्यांच्यासाठीही प्रार्थना करा, असे तो म्हणे.

दोन्ही आवाहने एकापाठोपाठ होत, हे लक्षणीय आहे. मेलेल्यांना जिवंत माणसांची गरज आहे आणि वाट चुकलेल्या जिवंतांनाही इतरांची गरज आहे, असा त्याचा अर्थ. वादळ, ज्वर आणि लढाया यांमुळे ज्या वसाहतीत जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेले होते, तेथे अंधारातून येणारा तो आवाज ऐकणाऱ्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. ज्यांना कबर मिळाली नाही, ज्यांचे नाव घेणारे नातेवाईक हजारो मैल दूर होते, त्यांचीही त्या प्रार्थनेत आठवण होत होती.

झेवियर यांच्यासाठी हे नाते एका दिशेने जाणारे नव्हते. सहकाऱ्यांची पत्रे त्यांच्यापर्यंत पोचायला वर्षे लागत. त्या पत्रांतील सह्या कापून घेऊन ते गळ्यातल्या छोट्या डबीत जपून ठेवीत. मलाक्काहून कोचीनला येताना त्यांचे जहाज तीन दिवस भीषण वादळात सापडले. त्या वेळी त्यांनी जिवंत सहकाऱ्यांच्या प्रार्थनांचा आधार घेतला, तसाच मृत सहकाऱ्यांचाही धावा केला. त्यांत पहिले नाव होते पॅरिसच्या खोलीतील मित्र पीटर फेबर यांचे. फेबर यांचे १५४६ मध्ये रोममध्ये निधन झाले होते.

यामागुचीतील प्रश्न

१५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर जपानमधील कागोशिमा बंदरात उतरले. सोबत कोस्मे दे तोरेस, हुआन फर्नांदेस हे सहकारी आणि मलाक्कात भेटलेला अंजिरो हा जपानी गृहस्थ होता. १५५१ मध्ये यामागुची प्रांताच्या सरदाराने त्यांना राहण्यासाठी एक रिकामा बौद्ध मठ दिला. तेथे दिवसभर वाद-संवाद चालत. दोन महिन्यांत सुमारे ५०० जणांनी बाप्तिस्मा घेतला.

जपानी समाजात पूर्वजांचे स्मरण हे कुटुंबाचे पवित्र कर्तव्य होते. उन्हाळ्यातील ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात, या श्रद्धेने दिवे लावले जात. मृतांना नरकयातनांतून सोडविता येते, असे तेथील भिक्षू सांगत आणि त्यासाठी दान घेत. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांची सुटका कठीण, अशी त्यांची शिकवण असल्याची टीका झेवियर यांनी केली. युरोपात ल्यूथर यांनी उभा केलेला वादही अशाच व्यवहारावरून पेटला होता, हा इतिहासातील एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

नव्या ख्रिस्ती जपानी लोकांनी मग सरळ प्रश्न विचारला. आमचे आईवडील, आजोबा-पणजोबा ख्रिस्ताचे नावही न ऐकता गेले. ते कोठे आहेत? देव त्यांना नरकातून बाहेर काढू शकणार नाही काय? दानधर्म आणि प्रार्थना करून आम्हाला त्यांच्यासाठी काही करता येईल काय?

टर्नाटेच्या रस्त्यांवर रोज रात्री मृतांसाठी प्रार्थना मागविण्याचे कौतुक करणाऱ्या धर्मगुरूला येथे नकार द्यावा लागला. त्यांना मिळालेल्या शिकवणुकीनुसार शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी मार्ग होता. नरकात गेलेल्यांसाठी नव्हता. आता कोणताही उपाय नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. ते ऐकून लोक रडू लागले. जानेवारी १५५२ मध्ये युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी हा प्रसंग लपविला नाही. ज्यावर इलाज नाही अशा गोष्टीसाठी आपले प्रिय मित्र अश्रू ढाळताना पाहून आपल्यालाही दुःख झाले, अशी कबुली त्यांनी दिली. त्यांनी आपले उत्तर बदलले नाही. पण त्या उत्तराची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्यांनी पाहिले होते.

त्यांच्या ठामपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १५४६ मध्ये अंबोनहून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची मागणी केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये ते न्यायालय स्थापन झाले आणि काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. धर्मांतरितांच्या जुन्या चालीरीतींवर, त्यांत मृत्यूशी निगडित असलेल्या विधींवरही, गोव्यात कठोर बंदी आली. पूर्वजांसाठी काय करता येईल, हा यामागुचीत विचारला गेलेला प्रश्न गोव्यात विचारणेही धोक्याचे ठरले.

धर्मगुरूविना मृत्यू

जपानहून परतल्यावर झेवियर यांना चीनची ओढ लागली. परकीयांना तेथे प्रवेश नव्हता. कँटनजवळच्या शांगछुआन बेटावर, एका गवती झोपडीत, ते एका चिनी व्यापाऱ्याच्या होडीची वाट पाहत राहिले. होडी आली नाही. त्यांना ताप भरला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जवळ अंतोनियो हा चिनी सेवक होता. अखेरचा संस्कार देण्यासाठी किंवा मिस्सा अर्पण करण्यासाठी कोणी धर्मगुरू नव्हता. मोजक्या माणसांनी त्यांना पुरले आणि देह लवकर विरावा म्हणून शवपेटीत चुना भरला. अनेकांच्या अखेरच्या क्षणी उशाशी बसलेल्या या माणसाला स्वतःच्या वेळी तो आधार मिळाला नाही.

काही आठवड्यांनी पेटी उघडली, तेव्हा देह टिकून असल्याचे आढळले. तो मलाक्कामार्गे १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात पोचला. १२ मार्च १६२२ रोजी रोमने त्यांना संतपद दिले. आज जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकात चांदीच्या पेटीत त्यांचे अवशेष आहेत. साधारणपणे दर दहा वर्षांनी होणारे त्यांचे जाहीर दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. संतपदामुळे एक गोष्ट उलटी झाली. संत स्वर्गातच आहे, अशी श्रद्धा असल्याने गोंयचो सायब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झेवियर यांच्या आत्म्यासाठी कोणी प्रार्थना करीत नाही. उलट भाविकच आपल्यासाठी व आपल्या मृतांसाठी त्यांना साकडे घालतात.

गोव्यात मृतांची आठवण बंदीनंतरही पुसली गेली नाही. ती कॅथलिक वेशात टिकली. मृत्यूनंतर सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा होते. लग्नापूर्वी घरच्या दिवंगतांच्या नावे गोरगरिबांना जेवू घालण्याची पद्धत आहे. तिला भिकाऱ्यांचे जेवण असे म्हणतात.

कॅथलिक चर्चने शुद्धिस्थानाची शिकवण १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेत पुन्हा मांडली आणि त्या नावाखाली चालणाऱ्या पैशाच्या व्यवहारांना मनाई केली. यामागुचीतील प्रश्नाकडे मात्र नव्याने पाहायला आणखी चार शतके लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे मांडले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. यामागुचीत झेवियर यांच्या स्मरणार्थ १९५२ मध्ये उभारलेले चर्च १९९१ मध्ये आगीत जळाले आणि १९९८ मध्ये पुन्हा बांधले गेले. परिषदेनंतर सुधारलेल्या मिस्सेच्या प्रार्थनांपैकी एकीत ख्रिस्ती मृतांबरोबरच, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांचे स्मरण केले जाते. यामागुचीच्या रहिवाशांनी ज्यांच्यासाठी अश्रू ढाळले, त्या आईवडिलांसाठीही आता कॅथलिक वेदीवर जागा आहे.