दृष्टी गावापर्यंत नेणारे डॉ. वेंकटस्वामी

मदुराई : मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत मिळवता येते. शस्त्रक्रिया लहान असते, वेळही फारसा लागत नाही. तरीही भारतात पिढ्यान्‌पिढ्या लाखो माणसे या आजाराने आंधळी होऊन घराच्या कोपऱ्यात बसून राहिली. उपचार अस्तित्वात होता. रुग्ण मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. उपचार आणि रुग्ण यांच्यातील हे अंतर कमी करण्यासाठी तामिळनाडूतील नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी आपले सारे आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी एट्टयपुरमजवळील वडमलापुरम या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. पाटी-पेन्सिलीची सोय नसल्याने नदीकाठची वाळू पसरून तीवर बोटाने अक्षरे गिरवीत गावातील मुले शिकली. वेंकटस्वामी त्यांतलेच एक. नात्यातील तीन तरुण स्त्रिया बाळंतपणात दगावल्या. गावात डॉक्टर असता तर त्या वाचल्या असत्या, ही जाणीव मुलाच्या मनात खोल रुजली आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय तेथेच झाला. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पुढे प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवायचे, असा त्यांचा बेत होता.

तो बेत आजारपणाने मोडला. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असतानाच त्यांना संधिवाताने ग्रासले आणि १९४८ मध्ये सेवा सोडावी लागली. दीर्घकाळ ते अंथरुणाला खिळून होते. उभे राहणे कठीण झाले, हातांची बोटे कायमची वाकडी झाली. अशा हातांनी प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करणे शक्य नव्हते. त्यांनी नेत्रचिकित्सेची वाट धरली, वाकड्या बोटांना बारीक सुरी धरण्याची सवय लावली आणि १९५१ मध्ये मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. याच बोटांनी त्यांनी पुढे एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या.

१९५६ मध्ये ते मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले आणि तेथील अर्स्किन रुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. रुग्णालयात येणारे रुग्ण हे खऱ्या संख्येचा अगदी लहान अंश आहेत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. म्हणून डॉक्टरांनीच गावात जावे, या विचाराने त्यांनी नेत्रशिबिरांचे काम हाती घेतले. अंधांच्या पुनर्वसनाचे केंद्र, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी अंधत्वाकडे झुकणाऱ्या मुलांसाठी पोषण केंद्र आणि नेत्रसहायकांचे प्रशिक्षण ही कामेही त्यांनी शासकीय सेवेत असतानाच उभी केली. १९७३ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

१९७६ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांनी मदुराईत एका घरात अकरा खाटांचे रुग्णालय सुरू केले. पुदुच्चेरीच्या श्री अरविंदांच्या विचारांवर त्यांची श्रद्धा होती. रुग्णालयाला त्यांनी अरविंदांचेच नाव दिले. भांडवल नव्हते आणि कर्ज मिळणेही सोपे नव्हते. भावंडांनी घर गहाण टाकले, दागिने मोडले. धाकटी बहीण डॉ. नचियार आणि त्यांचे पती डॉ. नाम्पेरुमलसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ. तेही या कामात उतरले. वेंकटस्वामी अविवाहित होते. ते रुग्णालयातून वेतन घेत नसत. शासकीय निवृत्तिवेतनावर त्यांचा निर्वाह चाले.

गरिबांवर मोफत उपचार करायचे आणि देणग्यांवर विसंबूनही राहायचे नाही, हा पेच त्यांच्यापुढे होता. ज्यांना परवडते त्यांच्याकडून वाजवी शुल्क घ्यायचे आणि त्यातून उरलेल्या पैशात इतरांची शस्त्रक्रिया मोफत किंवा अत्यल्प दरात करायची, असा मार्ग त्यांनी काढला. हे गणित जमण्यासाठी प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च खाली आणणे भाग होते. अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांमध्ये ठरलेल्या पद्धतीने, एकाच दर्जाचे काम अफाट प्रमाणात कसे चालते, याचे त्यांना कुतूहल होते. तशीच शिस्त त्यांनी शस्त्रक्रियागृहात आणली. एका रुग्णावरील शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण तयार ठेवला जाई. तपासणी, मोजमाप आणि शुश्रूषा ही कामे प्रशिक्षित मुलींकडे सोपविली गेली. या मुली बहुतेक खेड्यांतून आलेल्या होत्या. त्यामुळे डॉक्टरचा वेळ प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी मोकळा झाला.

मोफत शस्त्रक्रिया उपलब्ध झाली, तरी अनेक रुग्ण येईनात. त्याची कारणे शोधून वेंकटस्वामी यांनी गिरिजा ब्रिलियंट यांच्यासह १९८१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालयापर्यंतचे भाडे, तेथील जेवणाचा खर्च, सोबत यायला कोणी नसणे आणि शस्त्रक्रियेची भीती या गोष्टी रुग्णाला घरीच रोखून धरत होत्या. ज्या कुटुंबाचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याच्यासाठी मोफत शस्त्रक्रियाही महागच ठरत होती. शिबिरात निवडलेल्या रुग्णांना गाडीने रुग्णालयात आणणे, तेथे ठेवून जेवू घालणे आणि पुन्हा गावी पोहोचविणे हा संस्थेच्या सेवेचाच भाग झाला, तो या जाणिवेतून.

दुसरा अडसर नेत्रभिंगाचा होता. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला जाड काचांचा चष्मा आयुष्यभर लावावा लागे. तो फुटला वा हरवला की पुन्हा अंधार. डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग हा त्यावरचा चांगला उपाय होता, पण परदेशातून येणाऱ्या एका भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात असे. १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना मदुराईत सुरू केला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. पुढे ही भिंगे परदेशांतही जाऊ लागली. तेनी (१९८५), तिरुनेलवेली (१९८८), कोईमतूर (१९९७) आणि पुदुच्चेरी (२००३) येथे नवी रुग्णालये उभी राहिली.

एवढे होऊनही शिबिरांची मर्यादा स्पष्ट दिसत होती. शिबिर एका दिवसाचे; त्या दिवशी जो येऊ शकला नाही, तो राहून गेला. गरजूंपैकी दहातील एकही शिबिरापर्यंत येत नसल्याचे पाहणीत आढळले. शिवाय काचबिंदू, मधुमेहाने डोळ्यांवर होणारे परिणाम आणि चष्म्याचा बदलता नंबर यांना एका दिवसाचा उपचार पुरत नाही. म्हणून २००४ च्या सुमारास कायमस्वरूपी दृष्टी केंद्रांची योजना सुरू झाली. सुमारे पन्नास हजार वस्तीसाठी एक लहान केंद्र आणि तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ, अशी ही रचना. तंत्रज्ञ डोळे तपासून निष्कर्ष व छायाचित्रे मुख्य रुग्णालयाकडे पाठवितो आणि तेथील डॉक्टर दृक्‌संपर्काद्वारे रुग्णाशी बोलतो. त्यासाठी तेनी परिसरात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने दूर पल्ल्याची वाय-फाय यंत्रणा बसविण्यात आली. चष्म्याची गरज असलेल्याला तो केंद्रातच मिळतो. शस्त्रक्रिया हवी असेल, तेवढ्याच रुग्णाला शहरात जावे लागते. तपासणीचे शुल्क नाममात्र असते.

ही केंद्रे आकार घेत असतानाच ७ जुलै २००६ रोजी वेंकटस्वामी यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात २००८ मध्ये संस्थेला जागतिक आरोग्यासाठीचा गेट्स पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले. पुरस्कारांपेक्षाही त्यांनी मागे ठेवलेला हिशेब अधिक मोलाचा आहे. रुग्णाने आरोग्यसेवेपर्यंत यायला किती मजुरी बुडवावी लागते, किती भाडे मोजावे लागते आणि कोणाची सोबत मागावी लागते, याचा विचार केल्याशिवाय ती सेवा मोफत म्हणता येत नाही. गावातील आरोग्य केंद्रात डोळे तपासण्याची सोय करताना आजही याच हिशेबापासून सुरुवात करावी लागते.