किती वर्षं?

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाचा अवयवदानाचा कार्यक्रम संपला आणि एक बाई माझ्यासाठी थांबून राहिल्या. मुलगा चोवीस वर्षांचा. आधी अंगाला खाज, मग डोळे पिवळे. कुणाच्या तरी सांगण्यावरून कावीळ उतरवून आणली, पथ्यपाणी केलं, त्यात बरेच महिने गेले. शेवटी तपासण्या होऊन पित्तनलिकांचा जुनाट आजार निघाला. नाव लांबलचक, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. बाईंना माझ्याकडून एकच हवं होतं, मुलाच्या हाती किती वर्षं आहेत?

मी काही डॉक्टर नाही. त्यांचा हात हातात घेतला, एवढंच जमलं. पण घरी येताना वॉल्टर पेटन आठवत राहिला. शिकागोला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडून पहिल्यांदा ऐकलेलं हे नाव. तिथे त्याला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही.

वॉल्टर जन्मला मिसिसिपीतल्या कोलंबिया या लहानशा गावात. शाळेत असताना बँडमध्ये ड्रम वाजवायचा. फुटबॉलकडे वळला तो जरा उशिराच. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा. १९७५ मध्ये शिकागो बेअर्स संघानं त्याला घेतलं आणि पुढची १३ वर्षं तो त्याच संघाकडून खेळला. एवढ्या धसमुसळ्या खेळात इतक्या वर्षांत त्याचा फक्त एक सामना चुकला! १९७७ मध्ये फ्लूनं अंग मोडून आलेलं असताना एका सामन्यात तो २७५ यार्ड धावला. तो विक्रम २३ वर्षं टिकला. लाडाचं नाव मात्र स्वीटनेस. १९९३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हा त्याची ओळख करून दिली त्याच्या बारा वर्षांच्या मुलानं, जॅरेटनं.

असा हा पोलादी माणूस १९९८ च्या सुमारास खंगू लागला. लोक कुजबुजू लागले, तर्क लढवू लागले. अखेर २ फेब्रुवारी १९९९ ला त्यानं पत्रकारांना बोलावून आजाराचं नाव जाहीर केलं. भीती वाटते का, असं विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. सगळ्यांसमोर मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

हा आजार आहे तरी काय? आपण पित्त झालं म्हणतो ते पोटातलं आम्ल. हे पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं आणि बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. या आजारात त्या नळ्यांना सूज येते, वण पडतात, त्या अरुंद होतात. पित्त तुंबतं आणि हळूहळू यकृत निकामी होत जातं. आजार थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. निदानापासून यकृत बदलावं लागेपर्यंत किंवा मृत्यू येईपर्यंत सरासरी दहा ते वीस वर्षं जातात, असं सांगतात. पण ही सरासरी झाली. कुणी पंचवीस वर्षं नोकरी-संसार करत राहतं, कुणाला दोन वर्षंही मिळत नाहीत. शंभरातल्या दहा-पंधरा जणांना पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. अनेकांना आतड्याचाही आजार असतो, म्हणून आतड्याची दुर्बिणीतून तपासणी नियमित करावी लागते. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी शंभरातले ऐंशीच्या आसपास पाच वर्षांनंतरही जगत असतात, मात्र काहींना नव्या यकृतातही हाच आजार पुन्हा गाठतो.

वॉल्टरचं नाव यकृताच्या प्रतीक्षायादीत लागलं. पण काही महिन्यांतच कर्करोग सापडला, तो पसरलेला होता आणि प्रत्यारोपणाचा मार्ग बंद झाला. आपल्याला यकृत मिळणार नाही हे कळल्यावरही त्यानं अवयवदानाचं काम सोडलं नाही. त्याच्या आजाराची बातमी आल्यापासून इलिनॉय राज्यात अवयवदात्यांची नोंदणी वाढली होती. १ नोव्हेंबर १९९९ ला तो गेला. पत्नी कॉनीनं त्यांच्या संस्थेचं काम पुढे चालू ठेवलं. दुःख तर होतंच, पण तिनं दार लावून घेतलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे यकृत बहुतेक वेळा घरातलंच कुणी देतं. देणाऱ्यांत बायकाच जास्त, कुठे आई, कुठे बायको. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव मिळायचे तर नुसतं कार्ड भरून चालत नाही, त्या वेळी घरच्यांची संमती लागते. म्हणून मैत्रिणींनो, हा विषय जेवताना, सगळे एकत्र बसलेले असताना काढायला हवा. अभद्र बोलू नकोस म्हणून सासूबाई रागावतील. माझ्याही रागावल्या होत्या. नंतर त्यांनीच माझ्याकडून अर्ज मागून घेतला.

त्या बाईंना मी परवा फोन केला. किती वर्षं, ते मला आजही सांगता आलं नाही. दरवर्षीच्या तपासण्या चुकवू नका, पोटाच्या डॉक्टरांचा कागद जपून ठेवा, ताप-थंडी किंवा कावीळ वाढली तर उतरवायला नेऊ नका, थेट दवाखाना गाठा, एवढं सांगितलं. आणि मुलाला भीती वाटते म्हणाला तर त्याला गप्प करू नका, हेही. वॉल्टरची गोष्ट त्यांना सांगितली. मुलाला ऐकवते म्हणाल्या.